कोऱ्या बाजूवरची पिन

लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात, भंगाराच्या दुकानाच्या पायरीवर तुम्ही छत्री मिटता. ऑगस्टचा रविवार आहे, पाऊस थांबेना आणि धड पडेना असा. आत पितळी नळ, ट्यूबलाइटचे चोक, वजनकाट्यावर बसवलेली रद्दी. मालक मोबाइलवरून नजर काढत नाही.

"प्लेटा व्हय? त्या गोणपाटाखाली हैत बघा. पन्नासला एक. धा घेतल्यासा तर चारशे द्या."

तुम्ही गोणपाट उचलता. आधी येतो तो वास. ओल्या पुठ्ठ्याचा, थोडा कापराचा, थोडा नदीचा. नदीचा कसा, ते कव्हरं हातात घेतल्यावर कळतं. उभ्या रचलेल्या सगळ्या एलपींच्या कव्हरांवर तळापासून चार बोटं उंचीवर एकच तपकिरी रेघ आहे. कव्हर कुठलंही असो, रेघ तीच. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा ज्या घरात शिरली, त्या घरातल्या कपाटाच्या खालच्या फळीवर या रेकॉर्डी होत्या, इतकं त्या रेघेवरून सांगता येतं. पुठ्ठा कुजला, पण आतली प्लेट तशीच आहे, कारण विनाइलचं पाणी काही वाकडं करत नाही.

खालच्या थरात 78 च्या आहेत. त्या जड, काळ्या, आणि हातातून सुटल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या. त्या निवडायची एक रीत आहे, ती तुम्हाला कुणी शिकवली नाही, मडकं घेताना आजीला बघून आलेली आहे. भोकात बोट घालून प्लेट लोंबती धरायची आणि कडेला नखानं टिचकी मारायची. खणकन आवाज आला तर अख्खी. बद्द आला तर कुठंतरी तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. मग कडेवरून अंगठा फिरवायचा, कुठं टवका उडालाय का बघायला. मग दाराशी जाऊन उजेडात तिरकी धरायची. घरी नेल्यावर पुसायला स्पिरिट घ्यायचं नाही, ही चूक बहुतेक जण एकदा करतातच. 78 ची प्लेट लाखेची असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. बोळा काळा होतो, तुम्हाला वाटतं घाण निघतेय, प्रत्यक्षात गाणं निघत असतं.

ढीग उपसता उपसता तुम्ही मनात वाटे करता. गीतरामायणाच्या एलपी बाजूला. त्या नेहमी मिळतात, पुढंही मिळतील. 1955 च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ती 56 गाणी लागली, आणि त्यांना चाली देणारे सुधीर फडके कोल्हापूरचेच, वामनराव पाध्यांकडं गाणं शिकलेले; त्यामुळं इथल्या घराघरात तो संच होता आणि घरं रिकामी झाली की तो बाजारात येतो. इंग्रजी गाण्यांचा वाटा करायची गरजच पडत नाही. कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात बीटल्सच्यासुद्धा 78 च्या तबकड्या निघाल्या होत्या, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत, कारण आपल्याकडं तेव्हाही चावीची मशिनं चालू होती. परदेशातले शौकीन आज त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. मोजू देत. शिवाजी पेठेत बीटल्स कोण ऐकत होतं?

मग हाताला लागते केसरबाईंची. लेबलचा अर्धा भाग पाण्यानं नेलाय, पण 'केरकर' शाबूत आहे आणि कुत्रा कर्ण्यासमोर बसलेला आहे. तुमचा श्वास जरा अडतो. याच केसरबाईंची एक भैरवी, साडेतीन मिनिटांची, 1977 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर बसून पृथ्वी सोडून गेली. सोबत वाजवायची सुईसुद्धा पाठवली आहे. दुसरं यान निघून अकरा दिवस होतात न होतात तोच, 16 सप्टेंबरला, बाई गेल्या. ती तबकडी काही जुन्या बाजारात यायची नाही.

पण त्यांनी हे गाणं उचललं कुठून? कोल्हापूर दरबारच्या गवयाकडून, अल्लादिया खाँसाहेबांकडून. राजस्थानातल्या उनियाऱ्याचा हा माणूस 1895 च्या आसपास शाहू महाराजांच्या पदरी आला आणि महाराज जाईपर्यंत, 1922 पर्यंत, इथंच राहिला. ज्याला देशभर जयपूर-अत्रौली म्हणतात ते घराणं वाढलं आपल्या कोल्हापुरात. म्हणून तुम्ही उगाच, उत्तर माहीत असूनही, विचारता.

"अल्लादिया खाँसाहेबांची एखादी आलीय काय?"

"असंल तर ढिगातच असंल की."

ती ढिगात नाही. ती कुठल्याच ढिगात नाही. खाँसाहेब 1946 पर्यंत होते, तबकडीचा धंदा हिंदुस्थानात 1902 पासून जोरात, आणि त्यांच्या आवाजाची एकही प्लेट नाही. संग्राहकाला न मिळालेली रेकॉर्ड सलते. ही तर निघालेलीच नाही.

तुम्ही सहा प्लेटा घेता. वरून मालक दोन सीडी फुकट टाकतो.

घरी आल्यावर सीडीपासून सुरुवात करता, कारण ती धुवावी लागत नाही. काही होत नाही. गाणं लागतं, स्वच्छ लागतं, आणि तुम्ही तुमच्याच हॉलमध्ये बसलेले असता. सीडीला काही टेकत नाही, नुसता उजेड वाचून जातो. जुनी गाणी सीडीवर आणताना खरखर धुऊन काढली, तिच्याबरोबर गाणारीचा श्वासही बऱ्याचदा धुतला गेला. सीडीवाले रागावतील, पण सीडीवरून कुठं जाता येत नाही. डबीच्या आत मात्र निळ्या शाईत कुणाच्या तरी लग्नाची तारीख आहे. एवढं एकच गाठोडं तिच्यापाशी.

जायचं तर सुई टेकायला हवी. नियम साधा आहे: बाजू जेवढी लांब, तेवढा वेळ तुम्ही तिथं. पिन मधल्या लेबलापाशी घसरली की परत.

'पिंजरा'ची एलपी लावण्याआधी तिरकी धरून बघा. चार गाण्यांचे पट्टे काळेभोर चकचकीत, आणि एकाच लावणीचा पट्टा राखाडी, चटईवर रोज एकाच जागी बसल्यानं पडतो तसा. सुई ठेवता.

मंगळवार पेठ, सप्टेंबर 1972. मांडवाच्या मागं, दोन बाकडी जोडून केलेल्या मचाणावर तुम्ही उभे आहात, आणि तुमच्यासमोर स्पीकरवाला बसलाय. गळ्यात टॉवेल, पुढ्यात ॲम्प्लिफायर, त्याच्या काचेतून व्हॉल्व्ह तांबडे दिसतायत. विजेच्या खांबाला बांधलेला भोंगा थेट दुसऱ्या पेठेकडं तोंड करून आहे. हे मुद्दाम आहे, विचारायचं नाही. मांडवात गणपती, बाहेर पोरं, आणि पोरांना एकच गाणं पाहिजे.

"पुन्यांदा!"

स्पीकरवाला सुई उचलतो, न बघता त्याच पट्ट्याच्या सुरुवातीला ठेवतो. त्याचा हात बघा. गेल्या चार दिवसांत त्यानं हे शंभर वेळा केलंय आणि तरी सुई कधी आधीच्या गाण्याच्या शेवटावर पडत नाही. पण मग तुमचं लक्ष सुईच्या टोकाकडं जातं आणि पोटात गोळा येतो. आर्मच्या डोक्यावर त्यानं चार आण्याचं नाणं डिंकानं चिकटवलंय. भोंग्याच्या दणक्यानं बाकडं हादरतं, सुई उडते, म्हणून वजन. प्रत्येक फेरीला ते नाणं सुईला खाचेत दाबतंय आणि खाच खातंय.

तुम्ही न राहवून म्हणता, "आण्णा, नाणं काढा, रेकॉर्ड जातीय."

तो वर बघतो. तुमचे कपडे बघतो. "जाऊ दे की. पुढल्या वर्साला दुसरं गाणं आसंल."

राम कदमांची चाल, उषाताईंचा आवाज, शब्द जगदीश खेबुडकरांचे. हे खेबुडकर याच जिल्ह्यातले, हळदीचे, पेशानं मास्तर. 'पिंजरा' शांतारामबापूंचा, म्हणजे तोही फिरून इथलाच. पण पेठेतल्या पोरांना यातलं काहीच ऐकायचं नाही. त्यांना ढोलकी सुरू होण्याआधीचा तो अर्धा क्षण पाहिजे, जेव्हा सगळ्यांचे हात वर असतात आणि आवाज अजून आलेला नसतो. बावीस मिनिटांत तुम्ही ती एकच लावणी सहा वेळा ऐकता. बाजूची बाकीची चार गाणी त्या गणपतीत कुणी ऐकलीच नसावीत.

परत आल्यावर तुम्ही पट्ट्यावर बोट फिरवता. खरखरीत आहे. दुकानात याला 'खराब' म्हणतात आणि किंमत पाडतात. मलाही पूर्वी असंच वाटायचं. स्वच्छ प्लेट दिसली की हात आधी तिकडं जायचा. पण स्वच्छ प्लेटेवरून एवढंच कळतं की ती कुणीतरी विकत घेतली होती. कोल्हापुरानं काय ऐकलं, ते शोधायचं तर स्पीकरवाल्याचं नाणं जिथून फिरलं तिथं शोधावं लागतं. आजोबांच्या काचेच्या कपाटातली बालगंधर्वांची लखलखीत तबकडी त्यांच्या प्रतिष्ठेची, आणि तिच्यामागं दडवलेली, घासून पांढरी पडलेली सुलोचना चव्हाणांची लावणी त्यांच्या आवडीची.

सात इंची रेकॉर्ड. बारकी, दोन गाण्यांची बाजू, सहा-साडेसहा मिनिटं. चित्रपट 'साधी माणसं', संगीत आनंदघन.

1965. बिंदू चौकाजवळचं एक हॉटेल, संगमरवरी टेबलं, भिंतीला आरसे, कोपऱ्यात लाकडी रेडिओग्राम. मालकानं प्लेट नवीन आणलीय, दोन दिवसांची, कव्हराला अजून शाईचा वास. त्यातलं लोहाराचं गाणं लागतंय आणि चहा आणणारा पोरगा कपबशी घेऊन मधेच थांबलाय. भट्टीच्या पेठेतून आलेले दोघे जण ऐरणीवरच्या घणाचा ठोका बरोबर पडतोय का ते मान हलवत तपासतायत. पडतोय, असं दिसतं.

तुम्ही टेबलावर जागा घेता. समोरचा धोतरवाला लेबल वाचून आलाय.

"आनंदघन म्हंजे कोण ओ?"

"आसंल कोण तरी पुण्याचा."

"पुण्याच्याला ही चाल सुचती व्हय? गावाकडचा हाय ह्यो."

"बाबा पेंढारकरांनी शोधलाय म्हनं. 'मोहित्यांची मंजुळा' त्याचीच, 'मराठा तितुका मेळवावा' त्याचीच. पर कुनी बघितल्याला न्हाई."

"बाईचा आवाज तर लताबाईंचा हाय."

"आवाज त्येंचा आसंल. चाल कुनाची इचारतोय मी."

तुमच्या जिभेच्या टोकावर उत्तर आहे. 1950 साली 'राम राम पाव्हणं'ला लताबाईंनी स्वतःच्या नावानं संगीत दिलं होतं. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांसाठी त्यांनी हे दुसरं नाव घेतलं. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ, जो 1948 च्या जाळपोळीत जळला आणि त्यांनी पुन्हा उभा केला, तो 1959 पासून लताबाईंच्याच मालकीचा आहे, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. याच चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कार मिळेल, समारंभात आनंदघन म्हणून पुकारा होईल आणि तेव्हा कुठं लोकांना कळेल की आनंदघन पुढच्या रांगेत बसल्यात. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. सांगून काय होईल? धोतरवाला हसेल, दुसरा म्हणेल पाव्हणं शहाणं दिसतंय. त्यापेक्षा न कळण्यातली त्यांची मजा मोठी आहे. आणि खरं सांगायचं तर तुम्हाला हेवा वाटतो. तुम्ही हे गाणं कधी 'कुणाचं असेल' म्हणून ऐकलंच नाही. तुम्हाला ते उत्तरासकट मिळालं.

दुसरं गाणं सुरू होतं, म्हणजे तुमच्याकडं तीनच मिनिटं उरली. संग्राहक जागा होतो. मालकाच्या गल्ल्यामागं नव्या कोऱ्या प्लेटांची थप्पी आहे. एक घेऊन जावी? तुम्ही पाकीट काढता. पाचशेची नोट, तीवर गांधीजी हसतायत. या नोटांची मालिका निघायला अजून एक्कावन्न वर्षं आहेत. पोरगा नोटेकडं बघतो, मग तुमच्याकडं.

"नाटकातली हाय काय ओ?"

चहाचे पैसे कुणी दिले ते कळायच्या आत पिन घसरते.

आता चावीचं मशीन काढावं लागेल. 78 ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तिच्यात गोठ्यातल्या बकरीसारखी इकडून तिकडं होते. लोखंडी पिनांची डबी उघडा. एका बाजूला एक पिन, मग ती टाकायची; प्लेटेतली भुकटी मुद्दाम इतकी खरखरीत असते की पहिल्या काही फेऱ्यांत ती पिनेला घासून स्वतःच्या मापाची करून घेते. चावी द्या, पण शेवटचे दोन वेढे सोडा. स्प्रिंग तुटली तर ती बसवून देणारा आता सहज मिळत नाही.

आणि प्लेट ठेवण्याआधी तिला नाकाशी धरा. गुजरीत सोनाराच्या पेढीवर हाच वास येतो. कोल्हापुरी साजाचे मणी आणि पानं पोकळ असतात, सोन्याच्या पातळ पत्र्यात आत लाख भरलेली असते, नाहीतर बोटानं दाबली तरी चेपतील. पळसा-बोरीवर किडे बसतात, फांदीवर त्यांचं घर तयार होतं, ते खरवडून लाख होते. तीच लाख, दगडाची भुकटी आणि काजळ घालून, दाबून ही प्लेट झाली. घरातल्या बाईच्या गळ्यातला दागिना आणि दिवाणखान्यातलं गाणं एकाच किड्यानं उभं केलेलं.

लेबलवर 'बोलपट' एवढाच शब्द उरलाय. सव्वातीन मिनिटं.

कोल्हापूर, प्रभात फिल्म कंपनी. 1 जून 1929 ला कंपनी सुरू झाली तेव्हा सिनेमा मुका होता. आता तो बोलायला शिकतोय आणि त्यामुळं बाकी सगळ्यांना गप्प बसवलंय. तुम्ही एका पडद्याच्या आड उभे आहात, पायाशी तबलजी बसलाय, सारंगीवाला भिंतीला टेकून. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ते इथं, आवाज पोहोचावा म्हणून फार लांबही नाहीत. आधी गाणं करून मग त्यावर ओठ हलवायची सोय अजून आलेली नाही. नटानं गायचं, तेव्हाच वाजवायचं, तेव्हाच टिपायचं. एक जण चुकला की सगळं पहिल्यापासून.

समोर हरिश्चंद्र उभा आहे. पन्नाशीचे गोविंदराव टेंबे, राजाच्या मुकुटात. संगीतही त्यांचंच. उभ्या महाराष्ट्रात ज्यांच्या पेटीचं नाव, 'मानापमान'च्या चाली ज्यांच्या, त्यांना आज पेटीला हात लावायचा नाही, मायक्रोफोनकडं न बघता गायचंय. शेजारी दुर्गाबाई खोटे तारामतीच्या वेषात. 'अयोध्येचा राजा' एकदा मराठीत करायचा, मग तोच हिंदीत. म्हणजे हे गाणं नीट झालं तरी सुटका नाही.

टेंबे तोंड उघडतात. आणि बाहेर, कंपनीच्या कुंपणापलीकडं, कुत्रं भुंकतं.

कुणी ओरडत नाही. नुसता एक सुस्कारा फिरतो. सारंगीवाला गज खाली ठेवतो, तबलजी हातोडीनं गठ्ठा ठोकून बघतो. टेंबे मुकुट जरा मागं सारून डोकं खाजवतात. ते अर्धं मिनिट तुमचं सगळ्यात जास्त लक्षात राहणार आहे, कारण ते कुठल्याच फिल्मवर नाही. तुम्ही दोन पावलं पुढं जाता, त्यांना विचारायला. हाच माणूस पुढं अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र लिहिणार आहे. मैफलीत त्यांना जवळून ऐकलेला आहे. कसा होता आवाज? एवढंच विचारायचंय.

"सायलेन्स," कुणीतरी म्हणतं. पिन लेबलापाशी जाऊन खर्र खर्र करू लागते. सव्वातीन मिनिटं. 1933 साली ही कंपनी बोऱ्याबिस्तरा उचलून पुण्याला जाईल.

शेवटची प्लेट तुम्ही सगळ्यात आधी निवडली होती आणि सगळ्यात शेवटी ठेवलीय. तिचं लेबल पार गेलंय, एक अक्षर नाही. तरी तिचं वय सांगता येतं. ती एकाच बाजूनं भरलेली आहे. सुरुवातीच्या काळात तबकड्या अशाच निघत. पुढच्या बाजूला गाणं, मागची सपाट, आणि सपाटीवर कंपनीचा ठसा: पंखवाला एक देवदूत मांडी घालून बसलाय आणि पिसाच्या लेखणीनं तबकडीवर गोल रेघ ओढतोय.

पुढची बाजू आधी लावता. कुणी बाई आहे, कर्ण्यात तोंड घालून, वीज नसताना नुसत्या आवाजाच्या जोरावर गातेय. पिन खाच सोडून पोहते. तुम्ही कुठंच धड पोहोचत नाही, नुसत्या उकाड्याची झुळूक येते. गाणं संपताना त्या काळच्या रिवाजाप्रमाणं ती आपलं नाव सांगते, म्हणजे कारखान्यात प्लेट दाबणाऱ्यांना ती कुणाची ते कळावं. नेमकं त्याच जागी टवका उडालाय. नावाच्या जागी खट्.

तुम्ही प्लेट उलटता. असं कुणी करत नाही. कोऱ्या बाजूवर पिन ठेवायची नसते, घसरून सरळ मधल्या दांड्यावर जाते. तुम्ही चावी देता, पिन बदलता आणि ती देवदूताच्या लेखणीच्या टोकावर अलगद टेकवता.

अंधार. पायाखाली फरशी नाही, चिखल आहे. हवेत शेणाचा आणि रॉकेलच्या दिव्याचा वास. वर्ष कोणतं असावं याचा अंदाज तुम्ही नसलेल्या गोष्टींवरून बांधता. खासबागचं कुस्तीचं मैदान नाही, म्हणजे 1912 च्या आधीचं. त्याला लागून पॅलेस थिएटर नाही. ते 1915 ला उभं राहील, पुढं केशवराव भोसल्यांचं नाव घेईल आणि 2024 च्या ऑगस्टात जळेल. ते केशवराव या क्षणी मिसरूड न फुटलेला पोरगा असतील. देवल क्लब आहे, तो 1883 पासूनचा. रस्त्यानं जाणारे दोघे जण शाहू मिलच्या पायाच्या दगडाबद्दल बोलतायत, गेल्या सप्टेंबरात बसवलेल्या. म्हणजे 1907.

मग वाड्याच्या माडीवरून तंबोरे येतात.

दोन आहेत. एक जरा उतरलाय, कुणीतरी खुंटी पिळून तो वर आणतंय. उतरलेला सूर वर चढताना मधे एका जागी नुसता घोटाळतो, मग बसतो. खिडकीत दिव्याचा उजेड आहे, माणूस दिसत नाही. तुम्ही समोरच्या ओट्यावर टेकता. ओट्यावर आधीच एक पखालजी बसलाय, पखाल शेजारी लवंडून. तो तुम्हाला जागा देतो, बोलत नाही.

आवाज लागतो.

गोड नाही. तुम्ही सुरेल तबकड्यांवर वाढलेले आहात, तुम्हाला पहिल्यांदा हे खटकतं. तरुणपणी अमलेट्याच्या दरबारी गाऊन गाऊन हा गळा बसला होता. बरा झाला, पण मूळचा राहिला नाही. मग खाँसाहेबांनी त्या बसक्या गळ्याला झेपेल, आणि बाकी कुणाला सहजी झेपणार नाही, असं गाणं नव्यानं बांधलं. उघडा आकार. लय कुठंही सोडायची नाही, पण ती कुठं धरलीय ते दाखवायचंही नाही. तान सरळ वर जाईल असं वाटतं तोच ती वळते, आतल्या आत एक वेढा घेते, तुम्ही चुकलात असं तुम्हाला वाटू लागतं आणि सम येते. पखालजीची मान त्या जागी तसूभर खाली जाते. त्याची चुकत नाही.

रागाचं नाव तुम्हाला सुचत नाही. नट वाटतो, पण केदारही डोकावतो. दोन रागांच्या सांध्यावरून चाललाय माणूस. केसरबाईंच्या प्लेटेवर जे तीन मिनिटांत कोंबून बसवलेलं ऐकलं होतं, ते इथं पाय पसरून बसलंय. तुम्ही सवयीनं खरखर शोधता. खरखर नाही. वर कुणीतरी खोकतं, खाली रस्त्यानं एक बैलगाडी जाते, तिच्या चाकाचा आवाज तानेच्या वरून जातो आणि कुणीही "पहिल्यापासून" म्हणत नाही.

सव्वातीन मिनिटं होतात. साडेतीन. तुमचा उजवा हात आपोआप उठतो, पिन उचलायला. अंगठा आणि बोट चिमटीत आलेली. पखालजी त्या हाताकडं बघतो, मग तुमच्या तोंडाकडं, आणि वैतागून खूण करतो, गप बसा.

माडीवर स्थायी चाललीय. अंतऱ्याला अजून हात लागलेला नाही.